मॉनिटर बिघडलाय की सेटिंग? रिफ्रेश रेट आणि अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकची भानगड

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय. आकडे ऐकताना निसटतात, म्हणून ते इथे नीट लिहून दिले आहेत.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून सुचला. इस्लामपूरचा एक मित्र आहे, बारावी झालीय, सुट्टीत मोबाइलच्या दुकानात काम करून त्याने पैसे साठवले आणि साडेआठ हजारांना एक सेकंडहँड मॉनिटर घेतला. फुल एचडी, १४४ हर्ट्झ, व्हीए पॅनल. विकणाऱ्याने सांगितलं, "सात दिवस वापर, काही बिघाड निघाला तर परत आण."

आता त्याचा मेसेज ऐका: "दादा, पहिल्या दिवशी १४४ चा पर्यायच दिसेना. फक्त १२० पर्यंत. मग मी कस्टम रिझोल्यूशन बनवून १४४ टाकलं, तर पडदा काळा. कसंबसं ते मागे घेतलं. मित्राची डिस्प्लेपोर्ट केबल लावली, १४४ आलं. पण अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक चालू केलं की गेम लोड होताना पडदा लुकलुकतो, आणि मधेच एखादा सेकंद पूर्ण अंधार. विकणारा म्हणतोय, तूच सेटिंगशी खेळून बिघडवलास. दादा, पाच दिवस गेलेत. परत करू की ठेवू?"

म्हणजे हातात दोन दिवस आणि अडकलेले साडेआठ हजार. मी त्याला लगेच सांगितलं, भावा, ही एक तक्रार नाहीये, या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. चौघींची कारणं वेगळी. आपण एकेक सोडवू. कारण हा घोळ फक्त त्याचा नाही, सेकंडहँड किंवा स्वस्तातला गेमिंग मॉनिटर घेणाऱ्या बहुतेकांचा होतो.

आधी मोबाइलपासून सुरुवात करू

तुमच्यातले बरेच जण हा भाग ज्या फोनवर ऐकताय, तो ९० किंवा १२० हर्ट्झचा असेल. म्हणजे पडदा सेकंदाला तितक्या वेळा नव्याने रंगवला जातो. ६० हर्ट्झला दोन चित्रांत १६.६७ मिलिसेकंदांचं अंतर असतं, १२० ला ८.३३ आणि १४४ ला ६.९४. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये रिफ्रेश रेट दाखवण्याचा पर्याय असतो. तो चालू करून बघा, अनेक फोनवर तुम्ही बोट थांबवलं की आकडा खाली येतो, स्क्रोल केलं की वर जातो. फोन हे सगळं स्वतःच सांभाळतो. कारण पडदा, चिप आणि सॉफ्टवेअर एकाच कंपनीने जुळवून दिलेलं असतं.

पीसीचं तसं नाही. ग्राफिक्स कार्ड एकाचं, मॉनिटर दुसऱ्याचा, केबल तिसऱ्याची. तिघांचं एकमत झालं नाही की गोची.

तक्रार पहिली: १४४ दिसतच नाही

मॉनिटर जोडला की तो कार्डाला स्वतःची ओळख सांगतो. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. फक्त १२८ बाइट्सचा मूळ तुकडा आणि त्याला जोडलेले आणखी काही तुकडे. त्यात कंपनी, मॉडेल, चालणारी रिझोल्यूशन्स, रिफ्रेश रेट, सगळं लिहिलेलं असतं. विंडोज तुम्हाला जी यादी दाखवतं ती मुख्यतः यातून येते. आणि एक महत्त्वाची गोष्ट: एकाच मॉनिटरच्या एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टची ओळखपत्रं वेगवेगळी असू शकतात.

आता थोडं गणित, घाबरू नका. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, बरोबर? पण केबलमधून जाताना प्रत्येक चित्राला कडेने कोरी जागा सोडलेली असते. वहीला समास असतो ना, तसा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळात किरणाला परत पहिल्या ओळीवर यायला वेळ लागायचा, म्हणून ही कोरी जागा आली आणि आजही ती टिकून आहे. समास धरून फुल एचडीचं नेहमीचं माप होतं २२०० बाय ११२५. याला रिफ्रेश रेटने गुणा:

६० हर्ट्झ: १४८.५ मेगाहर्ट्झ
१२० हर्ट्झ: २९७ मेगाहर्ट्झ
१४४ हर्ट्झ: ३५६.४ मेगाहर्ट्झ

याला पिक्सेल क्लॉक म्हणतात. आणि एचडीएमआय १.४ ची कमाल मर्यादा आहे ३४० मेगाहर्ट्झ. म्हणजे १२० आरामात बसतं, १४४ बसत नाही. आपल्या मित्राच्या मॉनिटरला एचडीएमआय पोर्ट १.४ चा आहे. म्हणून १२० पर्यंतच यादी! यात बिघाड कुठलाच नाही. एचडीएमआय २.० ची मर्यादा ६०० मेगाहर्ट्झ आहे, तिथे फुल एचडी १४४ सहज जातं. डिस्प्लेपोर्ट १.२ लाही काही अडचण नाही.

तेव्हा १४४ किंवा १६५ दिसत नसेल तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, मॉनिटरच्या माहितीपत्रकात कुठल्या पोर्टवर किती हर्ट्झ लिहिलंय. दोन, केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे की चुकून मदरबोर्डच्या पोर्टला. हसू नका, ही चूक मीही केली आहे, आणि दीड महिना १४४ चा मॉनिटर ६० वर चालवलाय.

नंतर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि तिथे अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने निवडा. नवीन मॉनिटर लावला की विंडोज बऱ्याचदा ६० वरच ठेवतं. आणि यादीत ५९ किंवा ५९.९४ दिसलं तर घाबरू नका. अमेरिकेच्या जुन्या रंगीत टीव्ही पद्धतीचा तो वारसा आहे.

तक्रार दुसरी: कस्टम टाकलं आणि पडदा काळा

आता याचं कारण तुमच्या लक्षात आलं असेल. ३४० च्या रस्त्यावरून ३५६ ची गाडी काढली. समास बारीक करून आकडा खाली आणता येतो, त्याला रिड्यूस्ड ब्लँकिंग म्हणतात. पण समास फार कापला तर मॉनिटर तो सिग्नल नाकारतो, किंवा "आउट ऑफ रेंज" अशी पाटी दाखवतो.

विकणाऱ्याचा आरोप इथेच तपासू. एनव्हिडिया कंट्रोल पॅनल असो, एएमडीचं सॉफ्टवेअर असो किंवा कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी, म्हणजे ज्याला सगळे सीआरयू म्हणतात ते असो, यांतलं काहीही मॉनिटरच्या आत काही लिहीत नाही. सीआरयू विंडोजच्या रजिस्ट्रीत ईडीआयडीची एक बदललेली प्रत ठेवतं आणि ड्रायव्हर मूळ ओळखपत्राऐवजी ती प्रत वाचतो. मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, तो पुन्हा मूळ ओळखच सांगेल. आपल्या मित्राला मी हेच करायला सांगितलं: मॉनिटर शेजाऱ्याच्या लॅपटॉपला लाव. लावला, व्यवस्थित चालला. आरोप तिथेच संपला.

पण कस्टम करायचंच असेल तर थोडी शिस्त पाळा:

पहिलं, एकदम ६० वरून ७५ वर उडी नको. दोन-तीन हर्ट्झने वर चढा आणि प्रत्येक पायरीवर थांबून बघा.

दुसरं, कार्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून केलं तर ते आधी चाचणी घेतं. पडदा काळा झाला तर काही दाबू नका, काही सेकंदांत जुनं सेटिंग आपोआप परत येतं. घाबरून पॉवर बटण दाबणारे लोकच जास्त अडकतात.

तिसरं, सीआरयू अशी चाचणी घेत नाही. त्याच्याबरोबर रिसेट-ऑल नावाची एक छोटी फाइल येते. ती आधीच डेस्कटॉपवर काढून ठेवा. पडदा परत आलाच नाही तर सेफ मोडमध्ये जाऊन ती चालवा, सगळे बदल पुसले जातात. सेफ मोड जमत नसेल तर घरचा टीव्ही एचडीएमआयने जोडा. सीआरयूचा बदल त्या एका मॉनिटरपुरता असतो, टीव्हीवर चित्र येतं आणि तिथून दुरुस्ती करता येते.

वडाप आणि लोकल: अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक म्हणजे काय

साधा मॉनिटर मुंबईच्या लोकलसारखा. ठरलेल्या ठोक्याला सुटणार. गेमचं चित्र, म्हणजे फ्रेम, वेळेत तयार झाली तर ठीक. नाही झाली तर दोनच पर्याय. एक, अर्ध्यावरच नवीन फ्रेम दाखवायची. मग वरचा भाग जुन्या चित्राचा, खालचा नव्याचा, मधे आडवी चीर. हे टेअरिंग. दुसरा पर्याय व्ही-सिंक: पुढच्या ठोक्यापर्यंत थांबायचं. चीर जाते, पण चाल अडखळते आणि माउस जड वाटतो.

अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक म्हणजे आपल्याकडची वडाप. गाडी भरली की सुटणार. फ्रेम तयार झाली की मॉनिटर ती दाखवतो, तोपर्यंत थांबतो. आणि थांबतो कुठे? त्याच समासात! चित्राच्या खालची कोरी जागा लांबवत राहतो. आपण मघाशी ज्या जागेचा हिशेब केला, तिच्यातच ही सगळी युक्ती आहे.

इतिहास थोडक्यात. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक आणलं, त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं मॉड्यूल लागायचं, त्यामुळे महाग. २०१४ मध्ये व्हेसा या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक हे डिस्प्लेपोर्ट १.२ए च्या मानकात घेतलं. त्याच्यावर एएमडीचं फ्रीसिंक उभं राहिलं, मॉनिटर २०१५ मध्ये बाजारात आले. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही जीटीएक्स १० मालिकेपासून पुढच्या कार्डांवर असे मॉनिटर चालवायला परवानगी दिली. म्हणून आज फ्रीसिंकचा मॉनिटर एनव्हिडियाच्या कार्डावर चालतो, पण डिस्प्लेपोर्टनेच लावा. जुन्या एचडीएमआयवर ते बहुधा चालणार नाही.

पर्यायच दिसत नसेल तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत जा. तिथे फ्रीसिंक किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक बंद असतं. काही मॉनिटरच्या मेन्यूत डिस्प्लेपोर्ट १.१ की १.२ असाही पर्याय असतो. तो १.१ वर असेल तर अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक मिळणार नाही.

तक्रार तिसरी: लोडिंगला लुकलुकाट

वडापवालाही अमर्याद थांबत नाही. मॉनिटरचंही तसंच, त्याची एक रेंज असते. आपल्या मित्राच्या मॉनिटरची आहे ४८ ते १४४. गेम सेकंदाला ४० फ्रेम देत असेल तर? ४० तर रेंजच्या खाली. मग ड्रायव्हर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतो, मॉनिटर ८० वर चालतो. याला लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन, एलएफसी म्हणतात. यासाठी रेंजचं वरचं टोक खालच्या टोकाच्या किमान दुप्पट हवं. ४८ ते १४४ मध्ये ते जमतं. पण बाजारात ४८ ते ७५ रेंजचे भरपूर मॉनिटर आहेत, तिथे ४८ ची दुप्पट ९६, ती ७५ मध्ये कशी बसणार? म्हणून अशा मॉनिटरवर फ्रेम ४८ च्या खाली गेल्या की अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक सुटतं आणि चीर किंवा अडखळणं परत येतं. काही लोक सीआरयूमधून खालची मर्यादा ३७ करतात, म्हणजे दुप्पट ७४ होते आणि एलएफसी चालू होतं. सगळ्या पॅनलना ते झेपत नाही. लुकलुकायला लागलं तर परत मागे या.

आता मूळ प्रश्न. लोडिंगच्या वेळी फ्रेम ४९ वरून ४७ वर आल्या समजा. गेमसाठी फरक दोनचा, पण मॉनिटर ४९ हर्ट्झवरून एकदम ९४ वर उडी मारतो. पॅनलमधल्या प्रत्येक पिक्सेलला दर रिफ्रेशला नव्याने विद्युतभार मिळतो. मधलं अंतर बदललं की उजेडही किंचित बदलतो. फ्रेम सतत वर-खाली होत असतील तर तो बदल डोळ्याला लुकलुकाट म्हणून दिसतो. व्हीए आणि ओएलईडी पॅनलवर, त्यातही गडद राखाडी दृश्यांत, हे जास्त जाणवतं. आयपीएसवर सहसा कमी.

म्हणजे हा बिघाड नाही, त्या प्रकारच्या पॅनलचा स्वभाव आहे. पूर्ण जाईलच असं नाही, पण कमी करता येतो:

१. फ्रेम रेटला झापड लावा. १४४ च्या मॉनिटरवर मर्यादा १४० किंवा १४१ ठेवा. यामुळे फ्रेम रेंजच्या वरच्या टोकाबाहेरही जात नाहीत.

२. ग्राफिक्स थोडे उतरवा, म्हणजे फ्रेम ४८ च्या आसपास घुटमळणार नाहीत. ८० ते १२० मध्ये स्थिर चालणारा गेम ५० ते १४० मध्ये हिंदकळणाऱ्या गेमपेक्षा कधीही चांगला.

३. जी-सिंक फक्त फुलस्क्रीन गेमपुरतं ठेवा. विंडोसाठीही चालू असेल तर साधे प्रोग्राम वापरतानाही पडदा लुकलुकू शकतो.

४. तरीही त्रास असेल तर सीआरयूमधून खालची मर्यादा ४८ ऐवजी ६० करून बघा. दुप्पट १२०, म्हणजे १४४ च्या आत. काही मॉनिटरवर फरक पडतो, काहींवर नाही.

५. एखाद्याच गेममध्ये होत असेल तर त्या गेमपुरतं अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक बंद करा. त्यात कमीपणा काही नाही.

तक्रार चौथी: सेकंदभर अंधार

लुकलुकाट वेगळा आणि पूर्ण काळोख वेगळा. लुकलुकाटात चित्र राहतं, फक्त उजेड हलतो. काळोखात चित्रच जातं, एक-दोन सेकंदांनी परत येतं. याचा अर्थ कार्ड आणि मॉनिटरमधला संपर्क तुटून पुन्हा जुळतोय. पहिला संशय केबलवर घ्या. जुनी, लांब, वाकवलेली केबल ६० वर निमूट चालते आणि १४४ ला दम सोडते.

ओळखायची सोपी पद्धत: अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक बंद करा आणि १४४ वर अर्धा तास वापरा. तरी अंधार येतोय? मग केबल किंवा पोर्ट. आता १२० वर या. थांबला? केबलवरचा संशय पक्का. केबल बदलूनही येतोय आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरही येतोय? तर मात्र मॉनिटर परत करा, वाद घालत बसू नका.

एक चाचणी, फोनच्या कॅमेऱ्याने

मॉनिटर १४४ म्हणतो, पण खरंच १४४ चित्रं दाखवतो का? ताणून वर नेलेले काही मॉनिटर ७५ चा सिग्नल घेतात आणि मधल्या फ्रेम गाळतात. आकडा ७५, डोळ्यांना मिळतं ६० च. टेस्टयूएफओ या संकेतस्थळावर फ्रेम स्किपिंगची चाचणी आहे. चौकटींची जाळी दिसते, दर रिफ्रेशला पुढची चौकट उजळते. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावा, शटर एक दशांश सेकंद ठेवा, हात स्थिर ठेवून फोटो काढा. उजळलेल्या चौकटी सलग दिसल्या पाहिजेत. १४४ वर साधारण चौदा. मधे एखादी चौकट काळी राहिली तर फ्रेम गळतेय. दोन-तीन फोटो काढा, आणि चाचणीच्या वेळी दुसरा मॉनिटर, दुसरे टॅब बंद ठेवा.

मग मित्राने काय केलं?

त्याला मी हा क्रम दिला: दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपास, मग सीआरयूचे बदल पुसणं, मग नवी डिस्प्लेपोर्ट केबल, मग अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक बंद ठेवून १४४, मग चौकटींचा फोटो आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक चालू. एका वेळी एकच बदल. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, मंडळी. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर बरं कशाने झालं तेही कळत नाही आणि बिघडलं कशाने तेही.

सातव्या दिवशी दुपारी त्याचा मेसेज आला. नव्या केबलने अंधार बंद. चौकटी सलग. लोडिंगचा लुकलुकाट मर्यादा लावल्यावर कमी झाला, एका गेममध्ये अजून आहे. विकणाऱ्याला त्याने फोटो दाखवले, काय आहे आणि काय नाही ते स्पष्ट सांगितलं आणि केबलचे पैसे वळते करून घेतले. मॉनिटर ठेवला.

मला यातलं काय आवडलं सांगू? सोमवारी तो "मी बिघडवलं का" असं विचारत होता. शनिवारी तो समोरच्याला आकडे सांगून बोलत होता. सेकंडहँड बाजारात एवढं जमलं तरी खूप झालं.

तुमच्याही मॉनिटरची अशी काही कुरकुर असेल तर पाठवा. पण मॉडेल, कार्ड, केबल कुठल्या पोर्टला आहे आणि रेंज किती, एवढं नक्की सांगा. "दादा, लुकलुकतंय" एवढ्यावर डॉक्टरही औषध देत नाही! भेटू पुढच्या भागात.